जपानमधून खरेदी-एजंटामार्फत शाई, पेन आणि कागद मागवणे : एकत्र पार्सल, टपालखर्च आणि सीमाशुल्क

दौतवाला (पुणे) :

नमस्कार. जपानी फाउंटन पेन आता आपल्याकडे सहज मिळतात. पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तिन्ही कंपन्यांची नेहमीची मॉडेल्स भारतीय विक्रेते ठेवतात आणि तेवढ्यासाठी कोणी परदेशी एजंटाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण येते ती एखाद्या दुकानापुरत्याच निघणाऱ्या मालाची. जपानमधले स्टेशनरीचे जुने दुकान सेलरसारख्या कंपनीकडून स्वतःच्या नावाची शाई बनवून घेते आणि ती मुख्यतः स्वतःच्याच गल्ल्यावर विकते. कोबे येथील नागासावा या दुकानाने २००७ मध्ये सुरू केलेली शाईची मालिका हे त्याचे ठळक उदाहरण असून तिच्यातील छटांना रोक्को डोंगर, बंदराचा धक्का अशी त्याच शहरातल्या ठिकाणांची नावे दिलेली आहेत. अशा पुष्कळ दुकानांची संकेतस्थळे परदेशातील पत्ता स्वीकारत नाहीत, काही ठिकाणी आपले कार्डही चालत नाही, आणि लिलावाच्या किंवा जुन्या मालाच्या संकेतस्थळांवर तर जपानी पत्ता आणि जपानी फोन नंबर असल्याशिवाय खातेच उघडता येत नाही.

येथे एजंट लागतो. नव्याने चौकशी करणाऱ्यांसाठी एक भेद आधीच सांगतो. काही कंपन्या तुम्हांला केवळ गोदामाचा पत्ता देतात. खरेदी तुम्ही स्वतः करायची, माल त्यांच्या पत्त्यावर पाठवायचा आणि त्यांनी तो पुढे धाडायचा. अमेरिकेतील अशी कित्येक गोदामे डेलावेअर किंवा ओरेगनमध्ये दिसतात, कारण त्या राज्यांत विक्रीकर नाही. दुसऱ्या प्रकारचा एजंट वस्तू स्वतःच्या नावाने विकत घेतो, तुम्ही फक्त तिचा दुवा त्याला द्यायचा. जपानसाठी बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान या कंपन्या हेच काम करतात. पैसे दोनदा भरावे लागतात. पहिल्या वेळी वस्तूची किंमत, जपानमधला टपालखर्च आणि दर वस्तूमागे किंवा दर ऑर्डरमागे काही शे येन मेहनताना, आणि सर्व माल गोदामात जमल्यावर दुसऱ्या वेळी परदेशी टपालाचा खर्च, खोका एकत्र बांधण्याचा आकार आणि हवे असल्यास जादा वेष्टनाचा आकार. माल काही आठवडे गोदामात फुकट राहतो, त्यानंतर दर दिवसाचे भाडे सुरू होते.

माझ्या यादीत तीन वेगवेगळ्या दुकानांच्या शाईच्या बाटल्या, तोमोए रिव्हर या फाउंटन पेनसाठी नावाजलेल्या पातळ कागदाची दोन पॅडे आणि लिलावातला एक पेन आहे. तोमोएगावा कंपनीने तो कागद २०२१ च्या अखेरीस बंद केला आणि आता तो सानझेन ही कंपनी बनवते. जुना साठा हवा असलेले लोक त्यासाठी बरीच जादा किंमत मोजतात, तो माझा छंद नाही. हे सारे एकाच खोक्यात मागवावे की फोडून, कुरियरने की टपाल खात्याच्या ईएमएस या जलद सेवेने, आणि मुंबईत कस्टमवाल्यांच्या हाती ते पडल्यावर काय होईल, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे.

खाडीपलीकडे (ठाणे) :

धागा चांगला आहे, पण मूळ प्रश्नच विचारतो. एवढा मेहनताना, दोन वेळचे टपाल आणि वर कर भरून पन्नास मिलिलिटर शाईची बाटली घरी येईपर्यंत तिची किंमत दुपटीच्या पुढे जात असेल, तर हा व्यवहार कोणाला परवडतो?

दौतवाला (पुणे) :

एकच बाटली मागवली तर कोणालाही परवडणार नाही. टपालाच्या दरात पहिल्या काही शे ग्रॅमचा दर सर्वांत चढा असतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला वाढ कमी होत जाते, म्हणून तर एकत्र बांधण्याचा खटाटोप. शिवाय जी वस्तू भारतात एखादा विक्रेता आणतो ती त्याच्याकडूनच घ्यावी. तोही हाच कर भरतो आणि बाटली फुटली तर दुसरी देतो.

ओसाका-मुक्काम (जपान) :

मी गेली बरीच वर्षे येथे आहे. मित्रमंडळींसाठी असा माल घेऊन पाठवण्याचे काम मी आता बंद केले आहे, त्यामुळे एजंटांची थोडी बाजूही घेतो.

लिलावाविषयी प्रथम. याहू जपानच्या लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली वाढवली, तर बहुतेक लिलावांची वेळ आपोआप पाच मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे अगदी शेवटच्या सेकंदाला बोली टाकून वस्तू पटकावण्याची जी युक्ती इतर लिलावांत चालते, ती येथे निरुपयोगी ठरते. आपली कमाल रक्कम शांतपणे ठरवून ती एजंटाकडे आधीच नोंदवावी आणि मोकळे व्हावे. बहुतेक लिलाव येथील रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान संपतात. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने ती वेळ तुमच्याकडे संध्याकाळची साडेपाच ते साडेसात असते, आणि कचेरीतून घरी जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या बोली वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा. (युरोपात राहणाऱ्या सभासदांनी लक्षात घ्यावे की याहू जपानच्या बहुतेक सेवा एप्रिल २०२२ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधून थेट उघडतच नाहीत, त्यांना एजंटाच्या पानावरूनच शोध घ्यावा लागतो.)

वर्णनात 'जंक' हा शब्द दिसला, तर तो येथे फार गांभीर्याने घ्यायचा असतो. माल भंगार आहे असा त्याचा अर्थ नेहमीच होत नाही. तो चालतो की नाही याची हमी विक्रेता देत नाही आणि पुढे कोणतीही तक्रार ऐकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जंक म्हणून विकलेल्या पेनांच्या गठ्ठ्यात सोन्याची उत्तम निब निघू शकते किंवा पिस्टन अडकलेले, आतून शाई सुकलेले चार पेन निघू शकतात.

मेर्कारी या जुन्या मालाच्या ॲपवर दुसरी अडचण आहे. वस्तू पोचल्यावर घेणाऱ्याने विक्रेत्याला शेरा दिला की व्यवहार पूर्ण होतो आणि पैसे विक्रेत्याला मिळतात. एजंटासाठी 'पोचली' म्हणजे त्याच्या गोदामात पोचली. गोदामातला माणूस पाकीट मोजतो, वजन करतो, शेरा देतो आणि पुढच्या पाकिटाकडे वळतो. निबेचे टोक वाकडे आहे का हे तो पाहत नाही. तुम्ही महिनाभराने पुण्यात खोका उघडता तेव्हा परत करण्याची वाट कधीच बंद झालेली असते. म्हणून जुना आणि महाग पेन असेल, तर गोदामातच फोटो काढून देण्याची जी जादा सेवा असते, तिचे पैसे देणे शहाणपणाचे आहे आणि ती वस्तू येण्याआधीच मागून ठेवावी.

आणखी एक. दुकानात छापलेल्या किमतीत दहा टक्के उपभोग कर धरलेला असतो. पर्यटकाला तो वाचवता येतो. एजंटामार्फत घेणाऱ्याला तो सहसा परत मिळत नाही, त्यामुळे हिशेब करताना ती आशा धरू नये.

गोदाकाठ (नाशिक) :

आम्ही पाच-सहा मैत्रिणी वाशी टेप (सजावटीची कागदी चिकटपट्टी), रबरी शिक्के आणि डायरीची कव्हरे एकत्र मागवण्याचा विचार करत आहोत. सर्वांची ऑर्डर एकीच्याच खात्यावरून केली, तर मेहनताना आणि टपाल वाटून जाईल. यात काही कायदेशीर अडचण आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बंदरावरचा (डोंबिवली) :

मी कस्टम हाउस एजंटाच्या, म्हणजे व्यापाऱ्यांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, कचेरीतून निवृत्त झालो. व्यापारी माल हाच माझा विषय होता, तरी पायाभूत नियम तेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे भारतात विकत घेतलेल्या मालाला अमुक रकमेखाली करमाफी अशी सोय नाही. पूर्वी भेटवस्तू म्हणून पाच हजार रुपयांपर्यंतचे पार्सल सुटत असे आणि लोक त्याचा मनसोक्त गैरवापर करत. डिसेंबर २०१९ मध्ये टपालाने किंवा कुरियरने 'भेट' म्हणून माल सोडवण्यावरच बंदी आली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद राहिले, आणि राखीबरोबरची मिठाई किंवा शर्ट त्या अपवादात बसत नाही. तेव्हा एजंटाला 'भेट असे लिहा' म्हणून सांगणे हे नुसते खोटेच नव्हे, तर नुकसानीचेही आहे.

दुसरी गोष्ट गणिताची. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, परदेशी वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. दर वस्तूनुसार, आयातीच्या प्रकारानुसार आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा माल १०,००० रुपयांचा, वाहतूक ३,००० रुपयांची आणि विमा तूर्त बाजूला ठेवला. पाया झाला १३,००० रुपये. मूळ सीमाशुल्क २० टक्के धरले तर २,६०० रुपये. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २६० रुपये. आतापर्यंतची बेरीज १५,८६० रुपये आणि एकात्मिक जीएसटी १८ टक्के धरला तर तो या साऱ्या बेरजेवर, म्हणजे सुमारे २,८५५ रुपये. एकूण कर ५,७१५ रुपयांच्या घरात गेला.

यातून धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर निघते. वाहतूकखर्चावरही कर बसत असल्यामुळे, वरच्या दरांनी पाहिले तर वाहतुकीत वाचवलेल्या दर हजार रुपयांमागे करातले आणखी सुमारे ४४० रुपये वाचतात. करमाफीची मर्यादाच नसल्याने माल फोडून आणण्यात काहीही हशील नाही. एकत्रच आणावे.

किंमत कमी दाखवण्याविषयी कोणी विचारण्याआधीच लिहून टाकतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम १११ नुसार चुकीची किंमत किंवा वर्णन दाखवलेला माल जप्त होऊ शकतो, कलम ११२ नुसार दंड होतो आणि कलम १२५ नुसार जप्त माल सोडवायचा तर वेगळी रक्कम भरावी लागते. आयातदार तुम्ही आहात, एजंट नव्हे. त्याचे काम जपानच्या विमानतळावर संपते. एजंटाने काय लिहिले हे मला ठाऊक नव्हते, या उत्तराला कचेरीत कोणी विचारत नाही. मूळ दुकानाची पावती, एजंटाची पावती आणि बँकेच्या व्यवहाराची नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र जपून ठेवाव्यात.

नाशिकच्या ताईंना : एका व्यक्तीच्या नावावर एकाच प्रकारच्या वस्तूंचे बरेच नग आले, तर अधिकारी हा माल विक्रीसाठी आहे असे मानू शकतो, आणि मग व्यापारी आयातीला लागणारा आयात-निर्यात कोड (नोंदणी क्रमांक) कोठे आहे हा प्रश्न येतो. सहा जणींनी वेगवेगळ्या रंगांच्या दोन-दोन टेप घेतल्या तर बहुधा कोणी हटकणार नाही. सहा जणींसाठी तेच ते शिक्के प्रत्येकी पाच घेतले, तर मी तुमच्या जागी ते पार्सल एका नावावर आणणार नाही. मैत्रिणींकडून खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला, तर तो व्यापारच झाला, हेही ध्यानात ठेवावे.

भारत आणि जपान यांच्यात १ ऑगस्ट २०११ पासून व्यापार करार लागू आहे आणि त्याखाली कितीतरी वस्तूंना शुल्कात सवलत आहे, असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. सवलत आहे, पण तिला उत्पत्तीचे, म्हणजे माल जपानमध्येच बनल्याचे, प्रमाणपत्र लागते आणि दोन बाटल्यांसाठी ते कोणी काढून देणार नाही.

हडसनकाठ (न्यू जर्सी) :

आमच्याकडे एकत्र की वेगळे याचे उत्तर नेमके उलटे होते. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्कमुक्त येत असे, त्यामुळे जपानी एजंटाकडे माल साठवायचा आणि तो त्या मर्यादेच्या आत बसेल असे गट पाडून मागवायचा, हीच रीत होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. त्या सुमारास कित्येक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडची पार्सले घेणेच काही काळ थांबवले; भारतीय टपाल खात्यानेही २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सले थांबवली आणि आमच्या फराळाचे बेत लांबणीवर पडले. आता आम्हीही तुमच्यासारखेच एकत्र बांधण्याच्या बाजूला आलो आहोत, फक्त नाइलाजाने. युरोपातल्या नातेवाइकांनी हे २०२१ मध्येच अनुभवले, जेव्हा २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलैपासून रद्द झाली.

दौतवाला (पुणे) :

डोंबिवलीच्या काकांचे मनापासून आभार. वाहतुकीवरचा कर मी धरलाच नव्हता असे नाही, पण त्याचा परिणाम इतका असेल हे गणित मांडल्याशिवाय दिसत नाही.

आता खोक्याविषयी मला जे कळले आहे ते मांडतो. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. आकारमानाचे वजन म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार भागिले पाच हजार. चाळीस बाय तीस बाय पंचवीसचा खोका घेतला तर ते थेट सहा किलो होते, मग आत अडीच किलोच माल का असेना. जपानी टपालाच्या ईएमएसमध्ये प्रत्यक्ष वजन धरतात. शाईसारखा लहान पण जड माल कुरियरला फारसा महाग पडत नाही. कागदाची मोठी पॅडे, पेनांचे शोभेचे खोके आणि त्यांभोवतीचा फुगा-प्लास्टिकचा थर मात्र कुरियरचा आकडा भराभर वाढवतात. पेनाचा मूळ खोका नको असेल, तर तो काढून टाका असे गोदामाला सांगता येते. मला तो हवा असतो, त्यामुळे मी ईएमएस निवडणार.

बाटल्यांबाबत मात्र काटकसर करू नये. बाटलीचे झाकण चिकटपट्टीने बंद, प्रत्येक बाटली स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत, मग वेष्टन आणि बाटल्यांचा गठ्ठा खोक्याच्या मध्यभागी, अशा सूचना गोदामाला लेखी द्याव्यात. कागद आणि शाई एका खोक्यात असतील, तर कागदाला वेगळी जलरोधक पिशवी सांगावी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पार्सलात एका एजंटाने (नाव लिहीत नाही) बाटल्या कडेला आणि पॅड मध्यभागी ठेवले होते. पॅडच्या कडेने निळा उतरला आणि भरपाई फक्त बाटलीची मिळाली.

ओसाका-मुक्काम (जपान) :

एक सूचना जोडतो. मालाच्या वर्णनात नुसते 'शाई' असे लिहू नये. छपाईची शाई ज्वालाग्राही मालात मोडते आणि विमानाने जाणारे पार्सल त्या एका शब्दावरून अडते. 'फाउंटन पेनची पाण्यात विरघळणारी शाई' असे पूर्ण इंग्रजीत लिहिण्यास एजंटाला सांगावे. तसेच लिलावातल्या जुन्या पेनात हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा भाग असेल, तर एजंट तो पाठवणार नाही. अशा मालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे आणि तुमचे पैसे मात्र आधीच गेलेले असतात.

जुनी भिंग (कोल्हापूर) :

मला जपानमधून जुने फिल्म कॅमेरे आणि त्यांना लावायची पेंटॅक्सची टाकुमार भिंगे हवी आहेत. पेनांसाठीचे हे सगळे त्यांनाही लागू पडते का?

बंदरावरचा (डोंबिवली) :

खरेदीची रीत तीच, पण कस्टमचा प्रश्न वेगळा. परदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रे सोडून इतर जुन्या, वापरलेल्या वस्तूंची आयात 'निर्बंधित' आहे आणि तिला परवाना लागतो. व्यक्तिगत वापराच्या एखाद्या नगाकडे अधिकारी कसा पाहील याचा भरवसा मी देणार नाही. पावतीवर 'वापरलेला' असे लिहिलेले असेल तर प्रश्न विचारला जाऊ शकतो, आणि ते खोडून 'नवा' लिहून घेणे हा वर सांगितलेल्या कलम १११ चाच मार्ग आहे. लिलावातल्या जुन्या पेनालाही हेच लागू, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे. माझ्या मते त्यांनी तो पेन वेगळ्या पार्सलात मागवावा, म्हणजे तो अडला तरी शाई आणि कागद अडणार नाही. एकत्रच आणा असे मी वर म्हटले ते नव्या मालापुरते समजावे.

खेळणी आणि प्लास्टिकची जुळणी मॉडेल्स मागवणाऱ्यांनाही सांगतो : १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. जपानी तामिया मॉडेल प्रौढ छंदिष्टांसाठी असते हे तुम्हांला माहीत असते. काउंटरवरच्या माणसाला ते कागदाने पटवावे लागते.

खाडीपलीकडे (ठाणे) :

माझा सुरुवातीचा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. पैशांच्या बाजूची एक माहिती देतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून कार्डावरील परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करावे लागतात, तेव्हा लिलाव जिंकल्यावर बँकेचे ॲप उघडून शोधाशोध करू नये. एजंटाच्या पानावर 'रुपयांत भरा' असा पर्याय दिसला तरी येनमध्येच भरावे, कारण रुपयांचा दर तेथे त्यांच्या सोयीने लावलेला असतो. बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी तरीही लागतोच.

गोदाकाठ (नाशिक) :

आम्ही दोन नावांवर दोन पार्सले करण्याचे ठरवले आहे. शेवटचा प्रश्न : डिसेंबरमध्ये ऑर्डर केली तर चालेल का? आणि टपालाने आल्यास कर कोठे भरायचा?

बंदरावरचा (डोंबिवली) :

टपालाचे पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात तपासले जाते आणि शुल्क साधारणतः पोस्टमन घरी पार्सल देताना घेतो. कुरियर आधी तुमची आधार किंवा पॅन यांची प्रत मागतो आणि शुल्क तो भरून नंतर तुमच्याकडून स्वतःच्या आकारासह वसूल करतो. आधारावरचे नाव आणि एजंटाकडील नाव अक्षरशः एकच असावे. माहेरचे आडनाव आणि सासरचे आडनाव यांत पार्सल अडकलेले मी पाहिले आहे.

ओसाका-मुक्काम (जपान) :

डिसेंबरबद्दल : येथील बहुतेक दुकाने आणि गोदामे साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. तीच गत एप्रिलअखेरच्या गोल्डन वीक या सलग सुट्ट्यांची आणि ऑगस्टच्या मध्यातल्या ओबोन या पितरांच्या सणाची. पहिली वस्तू गोदामात पोचली की तिच्या फुकट मुक्कामाचे दिवस मोजणे सुरू होते आणि दुसरी वस्तू मात्र दुकानाच्या सुट्टीत अडकून पडते. म्हणून जिला यायला सर्वांत वेळ लागणार ती वस्तू आधी मागवावी आणि दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या टेप शेवटी. डिसेंबरच्या १५ तारखेनंतर मी तरी काही मागवणार नाही. १० जानेवारीपासून सुरुवात केलीत तर सगळे सोपे जाईल.